सायकलीचा दिवा घेताना : आधी मागचा, मग पुढचा



दिवाळी झाली की दिवस लहान होतो. डिसेंबरात पुण्या-कोल्हापूरकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. गोंदिया-गडचिरोलीकडे तर त्याच्याही जवळजवळ अर्धा तास आधी. प्रभागसंघाची बैठक लांबते, डेअरीत दूध घालायला रांग असते, मुलीचा जादा तास साडेपाचला सुटतो. मग घराघरात एकच वाक्य ऐकू येतं, "अंधार पडतो, नको जाऊस."

या एका वाक्यापायी किती मुलींचे दहावी-बारावीचे जादा तास बुडतात, किती जणी ठराव व्हायच्या आधीच बैठकीतून उठतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या अनेक मुलींना सायकली मिळाल्या. काही जणींनी गटाच्या कर्जातून सायकल घेतली. सायकल दारात उभी आहे, पण तिला दिवा नाही. म्हणून सूर्य मावळला की तिचं काम संपतं.

अंधाराची सगळी भीती दिव्याने जात नाही, हे खरं आहे. पण मागून येणाऱ्या गाडीची आणि पुढच्या खड्ड्याची भीती बरीच कमी होते, आणि तीही तीन-चारशे रुपयांत. आठवड्यातून एक-दोन वेळा उशीर होणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्यांनी दिवा कसा निवडायचा, ते या लेखात पाहू.

आधी मागचा दिवा का?

सायकलीच्या दिव्याची दोन कामं असतात. एक, आपल्याला रस्ता दिसणं. दुसरं, आपण दुसऱ्याला दिसणं. दुकानात गेलो की आपण पहिल्या कामाचाच विचार करतो आणि सगळे पैसे पुढच्या मोठ्या दिव्यावर घालतो. पण दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. का, ते हिशेबाने पाहू.

ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे येते. चालकाला काहीतरी दिसलं, त्याने ओळखलं आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात एक-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी २५ मीटर पुढे आलेली असते. त्यानंतर थांबायला आणखी २० मीटर तरी लागतात. एकूण झाले ४५ मीटर. रस्ता ओला असेल तर त्याहून जास्त.

आता दुसरी बाजू बघा. गाडीचा लाइट डिपरवर असेल, तर गडद साडी किंवा निळा गणवेश घातलेली बाई-मुलगी चालकाला बऱ्याचदा ३० मीटरच्या आत आल्यावरच दिसते. दिसल्यावर थांबायला जागाच उरत नाही. यात चालक दारू प्यायलेला असायची किंवा बेफिकीर असायची गरज नाही. शहाणा माणूसही इथे फसतो. मात्र सायकलीच्या मागे लाल दिवा असेल, तर तो सरळ रस्त्यावर दोन-तीनशे मीटरवरूनही दिसतो. तेवढ्यात चालक वेग कमी करतो आणि बाजूने जातो.

समोरून गाडी आली तर तिचा उजेड आपल्याला दिसतो, आपण कडेला होऊ शकतो. मागून येणारी गाडी आपल्याला दिसत नाही. तिथे आपलं काम मागच्या दिव्यालाच करावं लागतं. म्हणून हातात शंभरच रुपये असतील, तर ते मागच्या लाल दिव्यावर घाला.

रिफ्लेक्टर आणि चमकणारी पट्टी

नव्या सायकलीला रिफ्लेक्टर बसवलेले येतात. मागे लाल, पुढे पांढरा, पेडलला आणि चाकांत पिवळे. ते फुकटचे दिवे आहेत असं समजा. त्यांच्या आत बारीक कोपरे असतात. ते कोपरे उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवतात. म्हणून गाडीचा उजेड पडला की चालकाला ते चमकताना दिसतात.

काही जण सायकलीला जुनी सीडी लटकवतात. सीडी आरशासारखी असते. ती उजेड भलतीकडेच फेकते, चालकाकडे परत जाईलच असं नाही. तिच्या भरवशावर राहू नका.

तुमच्या सायकलीचे रिफ्लेक्टर आज एकदा बघा. चिखलाने माखले असतील तर ओल्या फडक्याने पुसा. तुटले असतील तर सायकलच्या दुकानात स्वस्तात मिळतात. शिवाय ट्रक-ट्रॉलीला लावतात ती चमकणारी पट्टी मिळते. तिचा छोटा रोल पन्नास ते शंभर रुपयांना येतो आणि दोन-तीन सायकलींना पुरतो. लाल पट्टी मागच्या मडगार्डवर आणि कॅरियरच्या मागच्या कडेवर लावा. पांढरी किंवा पिवळी पट्टी पेडलच्या दांड्यांवर, दप्तरावर आणि डब्याच्या पिशवीवर लावा. पेडलची चमक वर-खाली हलते. ती दिसली की पुढे सायकल आहे हे चालकाला लगेच कळतं.

पण रिफ्लेक्टर हा दिव्याला पर्याय नाही. त्याच्यावर उजेड पडला तरच तो चमकतो. एखादी मोटारसायकल विनालाइटची येत असेल किंवा आडव्या रस्त्याने कुणी येत असेल, तर तिथे रिफ्लेक्टर उपयोगी पडत नाही. म्हणून दिवा आणि रिफ्लेक्टर दोन्ही हवेत.

पुढचा दिवा : तुमचा रस्ता कसा आहे?

पुढचा दिवा किती मोठा घ्यायचा, हे तुमच्या रस्त्यावर ठरतं. दुकानदार उजेड ल्युमेनमध्ये सांगतो. ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप.

गावात खांबावर दिवे असतील आणि तेवढाच फेरा असेल, तर ५० ते १०० ल्युमेनचा छोटा दिवा पुरतो. तिथे रस्ता दिसतोच, आपण दिसणं महत्त्वाचं.

शिवारातून जाणारा, एकही खांब नसलेला रस्ता असेल तर २०० ते ३०० ल्युमेन हवेत. खड्डा, आडवं पडलेलं झाड, बसलेलं जनावर, सगळं वेळेत दिसायला पाहिजे. आपली सायकल ताशी १५ किलोमीटरने जात असली, तर एका सेकंदात चार मीटर पुढे जाते. बघून ब्रेक दाबून थांबेपर्यंत आठ-दहा मीटर लागतात. म्हणजे पुढचे १५ मीटर नीट दिसले तर आपण सुखरूप. यापेक्षा मोठ्या दिव्यावर पैसे घालवायची गरज नाही.

ऊस पट्ट्यातल्या मैत्रिणींनी मात्र पुढच्या दिव्यात काटकसर करू नये. हंगामात रस्त्याच्या कडेला मागचा दिवा नसलेली ट्रॉली उभी असते. ती आपल्या दिव्यातच दिसणार.

नवा दिवा घ्यायला पैसे नसतील तर घरातली शेतावर न्यायची बॅटरी हँडलला ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधा. चांगलं काम होतं. रात्री पाणी द्यायला जाताना डोक्याला बांधतात ती बॅटरीही चालते. फक्त समोरच्याकडे मान वर करून बघितलं की त्याचे डोळे दिपतात, तेवढी काळजी घ्या. मोबाइलची बॅटरी लावून तो हातात धरून सायकल चालवणं मात्र नकोच. एक हात अडकतो, ब्रेक नीट दाबता येत नाही, आणि घरी पोचायच्या आत फोनचं चार्जिंग संपलं तर गरजेला फोनही नाही.

जुन्या सायकलींना टायरवर घासून चालणारा डायनामो असायचा. तो अजूनही मिळतो. त्याला चार्जिंग लागत नाही, सेल लागत नाही, हे त्याचं मोठं सुख. पण सायकल जड चालते, पावसात चाक घसरून दिवा मिणमिणतो, आणि साध्या डायनामोवर सायकल थांबली की दिवा विझतो. डायनामो आधीच बसवलेला असेल तर दुरुस्त करून वापरा. जोडीला मागे सेलवर चालणारा लाल दिवा लावा, म्हणजे थांबल्यावरही तुम्ही दिसाल.

पाकिटावरचे आकडे कसे वाचायचे

स्वस्त दिव्याच्या पाकिटावर १००० ल्युमेन, २००० ल्युमेन असं काहीही छापलेलं असतं. खरं-खोटं ओळखायला एक सोपा हिशेब आहे. चार्जिंगच्या दिव्यावर त्याच्या बॅटरीची ताकद एमएएचमध्ये लिहिलेली असते. १००० एमएएचची एक बॅटरी असेल, तर ती १०० ल्युमेनचा उजेड साधारण साडेतीन तास देते, किंवा ३५० ल्युमेनचा उजेड एक तास. आता पाकिटावर "१२०० एमएएच, १००० ल्युमेन, सहा तास" असं असेल, तर ते शक्यच नाही. एवढ्या बॅटरीत १००० ल्युमेन अर्धा ताससुद्धा टिकणार नाहीत.

दुसरं, पाणी. पाकिटावर आयपीएक्स ४ लिहिलेलं असेल तर चारही बाजूंनी उडणारं पाणी दिवा सोसतो. आपल्या पावसाला एवढं तरी पाहिजेच. काहीच लिहिलं नसेल तर चार्जिंगच्या भोकाला रबराचं घट्ट झाकण आहे का ते बघा. ते सैल असेल तर दिवा पहिल्याच पावसात जाईल.

तिसरं, चार्जिंगची पिन. घरात मोबाइलची जी केबल आहे तीच लागली तर बरं. वेगळी केबल हरवते आणि दिवा कपाटात पडून राहतो.

चार्जिंगचा की सेलचा?

रोज सायकल चालवणारीला चार्जिंगचा दिवा परवडतो. कधीतरी चालवणारीची अडचण वेगळी असते. महिनाभर दिवा वापरला नाही आणि नेमका उशीर झाला त्या दिवशी चार्जिंग नाही. कधीतरी वापरायचा दिवा बहुतेक वेळा असाच दगा देतो.

म्हणून मागच्या दिव्यासाठी सेलवर चालणारा दिवा घेतला तरी चालेल. टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतो ते बारीक पेन्सिल सेल लागणारा दिवा बघा. ते सेल गावातल्या किराणा दुकानातही मिळतात. मागच्या छोट्या दिव्याला वीज कमी लागते, त्यामुळे अधूनमधून वापरला तर सेल बरेच दिवस जातात. दोन-तीन महिने वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून दिवा खराब होतो.

पुढच्या मोठ्या दिव्याला चार्जिंगचाच बरा. त्यासाठी एक वार ठरवा. रविवारी मुलीचा गणवेश धुतला की दिवा चार्जिंगला, असं काहीतरी कामाला जोडून ठेवा. चार्जिंग दिवसा, डोळ्यांसमोर करा. उशाशी, गादीवर किंवा उन्हात नको. बॅटरी फुगलेली दिसली तर तो दिवा पुन्हा चार्ज करू नका.

घरात लहान मूल असेल तर एक गोष्ट नीट वाचा. काही स्वस्त दिव्यांत नाण्यासारखे चपटे बटण सेल असतात. ते मुलाने गिळले आणि घशात अडकले, तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी जखम होते. असे सेल लागणारा दिवा शक्यतो घेऊ नका. घेतलाच तर त्याचं झाकण स्क्रूचं असावं, आणि जुने सेल मुलांच्या हाताला लागू देऊ नका. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता लगेच दवाखान्यात न्या.

दिवा कुठे बसवायचा?

चांगला दिवा चुकीच्या जागी लावला तर पैसे वाया. आपल्या सायकलींवर दोन चुका हमखास होतात.

पहिली चूक मागे. दुकानदार मागचा दिवा सीटखालच्या दांड्याला लावून देतो. मग आपण कॅरियरवर दप्तर ठेवतो, दुधाची किटली बांधतो, गवताचा भारा बांधतो, आणि दिवा झाकला जातो. साडीचा पदर, ओढणी किंवा रेनकोटही त्याच्यावर येतो. म्हणून मागचा दिवा कॅरियरच्या अगदी मागच्या टोकाला किंवा मागच्या मडगार्डवर बसवा. तिथेही भाऱ्याखाली झाकला जात असेल, तर मागच्या चाकाच्या उजव्या बाजूच्या दांड्याला लावा. आपल्याकडे गाड्या उजवीकडून पुढे जातात, म्हणून उजवी बाजू बरी. दिवा सरळ मागे बघायला हवा, आभाळाकडे किंवा जमिनीकडे नको.

दुसरी चूक पुढे. मुलींच्या सायकलीला पुढे टोपली असते. दिवा हँडलला लावला की सगळा उजेड टोपलीतल्या दप्तरावर पडतो. तो टोपलीच्या पुढच्या बाजूला किंवा खाली चाकाच्या दांड्याला बसवा. दिवा किंचित खाली वळवा. उजेडाचा मधला भाग पाच-सहा मीटर पुढे जमिनीवर पडला पाहिजे. सरळ समोर धरला तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि तो आपल्याच अंगावर येऊ शकतो.

रंग बदलू नका. पुढे पांढरा, मागे लाल. मागे पांढरा दिवा असेल तर सायकल समोरून येतेय असं चालकाला वाटतं.

मागचा दिवा लुकलुकता ठेवायचा की सारखा चालू? लुकलुकता दिवा नजरेत लवकर भरतो, पण सायकल किती लांब आहे याचा अंदाज त्यावरून नीट येत नाही. काळोख्या रस्त्यावर सारखा चालू ठेवा. गावातल्या बाजारपेठेत, जिथे इतर दिव्यांची गर्दी असते, तिथे लुकलुकता चालेल.

किती पैसे, कशावर?

खालचे भाव साधारण धरले आहेत. गावागणिक फरक पडेल.

दीडशे-दोनशे रुपये असतील तर : सेलवरचा मागचा लाल दिवा आणि चमकणारी पट्टी. पुढे घरातली बॅटरी बांधा.

तीनशे-चारशे असतील तर : मागचा लाल दिवा, पट्टी, आणि पुढे १०० ल्युमेनच्या आसपासचा छोटा दिवा.

सातशे-आठशे असतील तर : पुढे २०० ते ३०० ल्युमेनचा चार्जिंगचा दिवा, मागे चांगला लाल दिवा, पट्टी, आणि रस्त्याच्या कामावरचे मजूर घालतात तसं चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट.

जाकिटाला मुली लाजतात. त्यांना दप्तरावर पट्टी लावून द्या, काम भागतं.

गटाने मिळून घ्यायचे तर

एकटीने एक दिवा मागितला तर दुकानदार भाव कमी करत नाही. दहा-पंधरा जणींनी मिळून मागितले तर नक्की करतो. पण आधी नमुन्याला एकच दिवा आणा आणि त्याची परीक्षा घ्या.

१. पूर्ण चार्ज करा, घरात चालू ठेवा आणि किती तास चालतो ते घड्याळ लावून बघा. जायला-यायला लागतो त्याच्या तिप्पट वेळ तरी चालला पाहिजे.

२. रात्री एकीने सायकल धरून उभं राहावं, दुसरीने दोनशे पावलं लांब जाऊन बघावं. मागचा दिवा स्पष्ट दिसतोय का? थोडं बाजूला सरकून बघा, कडेनेही दिसतोय का?

३. दिवा सायकलीला बसवून खडबडीत रस्त्याने एक फेरी मारा. पट्टा सैल होतो का, दिवा खाली वाकतो का, हादऱ्याने बंद पडतो का?

४. वरून तांब्याभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशी चालू होतो का?

दिवा चारही परीक्षांत पास झाला तरच बाकीचे मागवा. बिल घ्या. बदलून देण्याची मुदत किती, ते बिलावर लिहून घ्या. ज्यांच्याकडे रोख नाही त्यांना अंतर्गत कर्जातून तीनशे रुपये देऊन तीन हप्त्यांत फेडता येतील. मासिक बैठकीत पाच मिनिटं काढून असा ठराव करता येतो.

रस्त्यावर निघाल्यावर

दिवेलागणीची वेळ सगळ्यात फसवी. आपल्याला अजून दिसत असतं, म्हणून आपण दिवा लावत नाही. पण गाडीच्या काचेतून बघणाऱ्याला सायकल दिसत नाही. सूर्य टेकला की दिवा लावा, पूर्ण अंधाराची वाट बघू नका. पावसात आणि धुक्यात दिवसाही लावा.

निघताना मागे वळून बघा, लाल दिवा लागलाय ना. चालवताना तो आपल्याला दिसत नाही, विझला तरी कळत नाही. सायकल बाजारात किंवा स्टँडवर उभी करणार असाल तर दिवा काढून पिशवीत ठेवा.

आणि शक्य असेल तेव्हा दोघी मिळून या. एकीमागे एक चाला. दोघींत एकच मागचा दिवा असेल, तर तो मागच्या सायकलीला असू द्या.

आज घरी गेल्यावर एक काम करा. अंधार पडल्यावर मुलीला तिची सायकल घेऊन रस्त्याच्या कडेला उभं करा, आणि तुम्ही दोनशे पावलं लांब जाऊन बघा. ती दिसते का? दिसली नाही, तर रोज मागून येणाऱ्या गाडीवाल्यालाही ती तशीच दिसत नाही. मग पुढच्या बैठकीत हा विषय तुम्हीच काढा. पुढच्या वेळी घरात कुणी "अंधार पडतो, नको जाऊस" म्हणालं, तर दिवा दाखवून म्हणता येईल, "जाऊ दे तिला, दिवा लावलाय."